आठवीत एनसीसी नेव्हल विंगला नाव घालायचंय? फॉर्म, वय, कागदपत्रं सगळं एका ठिकाणी

जून लागला की आमच्या वाडीतल्या आयांचे मला फोन सुरू होतात, की अगं तुझी मुलगी ती पांढऱ्या ड्रेसमधली एनसीसी करायची ना, त्याचा फॉर्म कुठे मिळतो आणि किती पैसे लागतात. माझ्या मुलीने आठवी-नववी अशी दोन वर्षं करून ए सर्टिफिकेट (शाळेतल्या एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेचं) घेतलं आणि यंदा धाकटा आठवीत गेलाय, म्हणजे मी ह्या सगळ्या कागदांतून दुसऱ्यांदा जातेय. म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं.

पहिली गोष्ट, फॉर्म बाहेर कुठेच मिळत नाही. सेतू केंद्रात नाही, झेरॉक्सवाल्याकडे नाही, आणि कोणी पैसे घेऊन देतो म्हणाला तर देऊ नका. एनसीसीला नाव फक्त मुलाच्या स्वतःच्या शाळेतूनच जातं. शाळेत एक शिक्षक एनसीसी ऑफिसर असतात, त्यांना एएनओ म्हणतात, मुलं नुसतं एनसीसीचे सर किंवा मॅडम म्हणतात, सगळी नाडी त्यांच्याच हातात. त्यामुळे शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना जाऊन भेटा. नोटीस लागेल मग बघू असं करू नका, कारण जागा ठरलेल्या असतात आणि आमच्याकडे तरी जागेपेक्षा नावं कायम जास्त येतात.

दुसरं, तुमच्या शाळेत कुठलं विंग आहे ते आधी विचारा. आर्मी, नेव्हल आणि एअर अशी तीन विंग आहेत आणि शाळेला जे मिळालंय तेच मिळतं, मुलाला आवडतं म्हणून बदलून मिळत नाही. रत्नागिरीत 2 महाराष्ट्र नेव्हल युनिट आहे (युनिट म्हणजे शाळांच्या वरचं एनसीसीचं ऑफिस), त्यांच्याशी जोडलेल्या शाळांत नेव्हल. सिंधुदुर्गात ओरोसला 58 महाराष्ट्र बटालियन आहे, ते आर्मीचं. पुष्कळ पालक समुद्राकाठची शाळा म्हणजे नेव्हलच असणार असं धरून चालतात आणि मग मुलगा खाकीत घरी आला की नाराज होतात. आर्मी विंगही तितकंच चांगलं आहे, पण आधी माहीत असलेलं बरं. शाळेत एनसीसीच नसेल तर शाळेने युनिटकडे अर्ज करायचा असतो, फुल्ली सेल्फ फायनान्सिंग नावाची एक स्कीमही आहे ज्यात खर्च शाळा उचलते, पण हे काम मुख्याध्यापकांचं, तुम्ही पालकसभेत विषय काढू शकता आणि काढाच.

वयाचं सांगते. शाळेतल्या गटाला मुलांसाठी ज्युनियर डिव्हिजन आणि मुलींसाठी ज्युनियर विंग म्हणतात. वय 12 वर्षं पूर्ण पाहिजे आणि साडेअठराच्या आत. ट्रेनिंग दोन वर्षांचं असतं, म्हणून शाळा आठवीतच नाव घालून घेतात, म्हणजे नववीच्या शेवटी परीक्षा होते आणि दहावीचं वर्ष मोकळं राहतं. नववीत घेतलं तर दुसरं वर्ष दहावीत येतं, ते शाळा सहसा करत नाहीत. म्हणजे आठवीचं वर्ष चुकलं की शाळेतली संधी जवळपास गेलीच, मग अकरावीला किंवा कॉलेजला सिनियरमध्ये, तिथे तीन वर्षं. मुलगा भारताचा नागरिक पाहिजे (नेपाळचा असला तरी चालतो, आमच्याकडे आंब्याच्या बागांवर राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, त्यांची मुलं शाळेत येतात, त्यांना हे कोणी सांगतच नाही म्हणून मुद्दाम लिहितेय), शाळेच्या पटावर नाव पाहिजे, वर्तणूक चांगली पाहिजे आणि तब्येत ठीक पाहिजे. बस. जात, उत्पन्न, मार्क असली काही अट नाही. मुलींना तर अजिबात मागे ठेवू नका, 15 ऑगस्ट 2020 ला सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत एक लाख नवीन कॅडेट घ्यायची घोषणा झाली तेव्हा त्यात एक तृतीयांश मुली असतील असं सांगितलं होतं.

निवड शाळेतच होते. नावं जास्त आली की सर ग्राउंडवर पळायला लावतात, उंची बघतात, चार प्रश्न विचारतात. पोहता येतं का हेही विचारतील, येत नसेल म्हणून कोणी लगेच घरी पाठवत नाही, पण येत असलं तर पुढे मुलाला सोपं जातं. खाडीकाठची अर्धी मुलं पोहतात, पण मला सगळ्यात वाईट वाटतं ते ह्याचं की मुलींना शिकवलेलंच नसतं, माझ्या मुलीला पण नव्हतं, आम्ही तिला मे महिन्यात मामाकडे विहिरीत शिकवली, पाठीला सुकड म्हणजे तरंगणारं हलकं लाकूड बांधून.

आता कागदपत्रं. आधार कार्ड, जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, पासपोर्ट फोटो (जास्तीचे काढून ठेवा, वर्षभर लागतात), मुलाच्या नावाचं बँक पासबुक, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, रक्तगट, आणि आईवडिलांची सही असलेलं संमतीपत्र. फॉर्म आता ऑनलाइन पोर्टलवर भरला जातो, माहिती मुलाने भरायची, मग शाळेत सर तपासणार, मग युनिटला जाणार. मोबाईल नंबर असा द्या जो दोन वर्षं बंद पडणार नाही. आमच्याकडे बोटीवर जाणारे बाबा सीझनला एक सिम, घरी आले की दुसरं असं वापरतात आणि ओटीपी गुजरातच्या समुद्रात जातो, तर आईचा नंबर द्या.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. नावाचं स्पेलिंग. फॉर्म अडकतो तो शंभरातून नव्वद वेळा इथेच. आधारवर, जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या रजिस्टरवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अगदी अक्षराला अक्षर सारखी पाहिजे. मराठीत सगळीकडे बरोबर असतं हो, घोळ असतो तो इंग्रजीत. माझ्या मुलीच्या आधारवर आडनावात डब्ल्यू होता आणि शाळेत व्ही, शिवाय शाळेत तिचं नाव आधी तर आधारवर आडनाव आधी. तेवढ्यावरून तिचा फॉर्म परत आला. मी दुरुस्तीला जिथे गेले तिथल्या माणसाने घाईत बघितलं आणि डब्ल्यू तसाच ठेवून वडिलांच्या नावातलं एक अक्षर उडवलं, मी पण स्क्रीन न बघता पावती घेऊन बस पकडली. घरी येऊन चष्मा लावून पावती वाचली तेव्हा कळलं. परत बस, परत रांग, त्यात सगळा आषाढ गेला आणि ती जवळजवळ राहिलीच होती, सरांनी शेवटपर्यंत तिच्यासाठी थांबून नाव धरून ठेवलं म्हणून झालं.

तर हे करा. जन्मदाखला समोर ठेवा, तो मूळ धरायचा. आधार त्याच्याप्रमाणे करून घ्या, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं बदलायचं म्हटलं तर ते प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं आणि त्याला वेळ लागतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे ऑपरेटरने टाईप केलं की पावतीवर सही करायच्या आधी स्क्रीनकडे बोट ठेवून एकेक अक्षर वाचा, मागची रांग ओरडली तरी. हे काम मे मध्ये करा, जूनमध्ये सगळेच दाखल्यांना आलेले असतात. मूळ जन्मदाखला फक्त दाखवायचा, कुठेच जमा करायचा नाही.

बँकेचं पण एक आहे. युनिफॉर्मचा वगैरे भत्ता थेट मुलाच्या खात्यात येतो, म्हणून खातं मुलाच्या नावाचं पाहिजे, पालक सोबत असले तरी चालतं. कॅडेटसाठी स्टेट बँकेत झिरो बॅलन्सचं खातं निघतं, शाळेतून विचारा. पण काउंटरवर आधार लिंक आहे असं सांगितलं की तेवढ्यावर उठू नका, आधार सीडिंग झालंय का असं स्पष्ट विचारा. लिंक म्हणजे त्यांच्या रेकॉर्डला नंबर आहे, सीडिंग म्हणजे सरकारी पैसे त्या खात्याकडे वळतात. दोन्ही वेगळं आहे. शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेले ज्यांचे आहेत त्यांना हे पाठ असेल.

फिटनेससाठी सरकारी दवाखान्यात किंवा कुठल्याही रजिस्टर्ड डॉक्टरकडे जा. दमा, फिट, हृदयाचं काही असेल तर लपवू नका, कानाचं पण सांगा. कान फुटलेली मुलं आमच्याकडे खूप आणि ती पाण्यात जाणार आहेत.

आता पालकांची भीती. संमतीपत्रावर सही करताना आई थबकते, मी पण थबकले होते. ज्या घरातला माणूस समुद्रावर जातो त्या घराला समुद्र काय आहे ते माहीत असतं, त्यामुळे उगाच धीर देत नाही, जे बघितलं ते सांगते. नावनोंदणी पावसाळ्यात होते आणि तेव्हा कोणीच पाण्यात जात नाही, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाच बंदी असते तर मुलांना कोण नेईल. तेव्हा ग्राउंडवर परेड, वर्गात गाठी, सेमाफोर म्हणजे दोन झेंड्यांनी अक्षरं दाखवायची, जहाजाचे भाग. समुद्र शांत झाल्यावर, आमच्याकडे नारळीपौर्णिमेनंतर पुढेच, बोटीवर नेतात आणि लाईफ जॅकेटशिवाय कोणाला बसू देत नाहीत. 27 फुटी व्हेलर नावाची वल्ह्यांची बोट असते, पाच जण वल्ही मारतात आणि एक सुकाणूवर. पाचही वल्ही एकदम पाण्यात पडली तरच ती सरळ जाते, एक जण मागे राहिला की तोंड फिरतं. पहिल्या दिवशी मुलीच्या तळहाताला फोड आले होते, तिने ते वडिलांसमोर धरले आणि तिचे बाबा, जे तिला एनसीसीला घालायला फारसे राजी नव्हते, त्यांनी स्वतःचा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. काही बोलले नाहीत. नंतर संध्याकाळी तिला बोलाईनची गाठ शिकवत बसले होते, जी तिला शाळेत येऊन गेलेली होती आणि तिने ते त्यांना सांगितलं नाही.

एक मोठा गैरसमज म्हणजे एनसीसीला घातलं की सैन्यात जावं लागतं. नाही. 1948 च्या एनसीसी कायद्यातच आहे की कॅडेटवर सैनिकी सेवेचं कसलंही बंधन नाही. दुसरा गैरसमज त्याच्या उलटा, की नेव्हलचं सर्टिफिकेट मिळालं की बोटीवर नोकरी. तेही नाही. मर्चंट नेव्हीला म्हणजे व्यापारी जहाजांवर लागतं ते सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदणी पुस्तक, ते डीजी शिपिंग ह्या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या मान्यताप्राप्त कोर्सनंतर मिळतं, जीपी रेटिंगला म्हणजे साध्या खलाशाच्या कोर्सला दहावी पास आणि वय साडेसतरा पूर्ण लागतं. गावागावात एजंट फिरतात, नेव्हल एनसीसी झालीय ना मग लगेच सीडीसी काढून देतो म्हणतात, लाखाच्या गोष्टी करतात. आमच्या ओळखीतल्या एका घराने मच्छीचं कर्ज काढून असे पैसे दिले. ते पुस्तक खोटं निघालं. कृपा करून कोर्स डीजी शिपिंगच्या यादीत आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

सर्टिफिकेटचा उपयोग आहे, भरतीत वेटेज मिळतं, पण मुलाला खरा उपयोग दोन वर्षांतच होतो. 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन मालवणला झाला, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर जहाजं आली, तेव्हापासून आमच्याकडच्या मुलांची विचारपूस वाढलीय हे मी स्वतः बघतेय. कॉलेजला गेल्यावर नौसैनिक कॅम्प असतो, अलीकडे लोणावळ्याला आयएनएस शिवाजी ह्या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावर झाला, तिथे वल्हवणं, शीड, सेमाफोर, जहाजाचं मॉडेल सगळ्याच्या स्पर्धा होतात. ज्याला शाळेत पाया मिळालाय तो तिथे चमकतो.

ए सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचं तर परेडची हजेरी 75 टक्के लागते आणि एक वार्षिक कॅम्प, साधारण दहा दिवसांचा. हजेरीत आमची मुलं मार खातात, कारण गणपतीत आठ-दहा दिवस, शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा आठवडा, लग्नं वेगळीच. गणपतीत कोणी सोडणार नाही मला माहितीये, मी पण सोडलं नाही, पण मग बाकीची एकही परेड बुडवू नका. कॅम्पला जाताना पत्र्याची पेटी देऊ नका, बॅग द्या, आणि फोन घरीच ठेवा. कॅम्पचं जेवण आणि प्रवास सरकारी असतो. शाळेने एनसीसीसाठी काही पैसे मागितले तर कशाचे ते विचारा आणि पावती घ्या, त्यात रागावण्यासारखं काही नाही.

नाव युनिटच्या नॉमिनल रोलवर म्हणजे अधिकृत यादीवर आलंय का हे ऑगस्ट-सप्टेंबरात सरांकडे बघून घ्या. मुलगा परेडला जातोय, ड्रेस घालतोय, पण रोलवर नावच नाही असं होऊ शकतं आणि मग कॅम्पात काही लागलं-पडलं तर मदत मिळताना अडचण, परीक्षेला तर बसताच येत नाही. आणि परीक्षेच्या आधी सर जी यादी वर पाठवतात तिच्यावर पुन्हा एकदा इंग्रजी स्पेलिंग तपासा, कारण सर्टिफिकेट त्याच यादीवरून छापून येतं.

सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी गुंडाळून न्या. आमच्या धाकट्याचा बोनाफाईड परवा दप्तरातच भिजला, शाईचा शिक्का सगळा पसरला, उद्या दुसरा आणायला जातेय.