टँगो मैफलीचे प्रसारण आणि नाशिकच्या श्रोत्यांचे मतभेद : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये अलीकडे रेडिओवरून ऐकल्या गेलेल्या, टँगो या दक्षिण अमेरिकी नृत्यसंगीताच्या मैफलीत जवळजवळ सर्व रचना १९५५ नंतरच्या होत्या, गायन अजिबात नव्हते आणि प्रत्येक रचनेआधी निवेदकाने तिची घडण सविस्तर समजावून सांगितली होती. मैफलीनंतर श्रोत्यांचे जे अभिप्राय आले त्यांत हा मुळात टँगोच नव्हे, अशी तक्रार सर्वाधिक ऐकू येते. शब्दांवाचून काही पोहोचले नाही आणि निवेदन फार लांबले, हे आक्षेप तिच्या मागोमाग येतात. दुसरीकडे, बैठकीच्या संगीतावर कान तयार झालेल्या अनेकांना हीच मैफल मनापासून आवडली. या मतभेदांत नाशिकचे म्हणावे असे थोडेच आहे. त्यांचा मोठा भाग सत्तर वर्षांपूर्वी अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्यूनस आयर्समध्ये, घेतल्या गेलेल्या एका निर्णयाकडे जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्यूनस आयर्स आणि माँटेव्हिडिओ या बंदरांच्या वस्त्यांमध्ये टँगो कसा जन्मला, पहिल्या महायुद्धाआधी तो पॅरिसमध्ये कसा गाजला आणि १९१७ च्या सुमारास गायक कार्लोस गार्देलच्या ध्वनिमुद्रणांमुळे गायलेल्या टँगोला प्रतिष्ठा कशी मिळाली, हे या विषयात रस असलेल्यांना ठाऊक आहे. सध्याच्या वादाशी अधिक जवळचा संबंध आहे तो रेडिओचा. अर्जेंटिनात ऑगस्ट १९२० मध्ये पहिले प्रसारण झाले ते ऑपेराचे, परंतु पुढच्या दोन दशकांत टँगो हेच तेथील रेडिओचे मुख्य अन्न झाले. साधारण १९३५ ते १९५५ या काळात नामांकित वाद्यवृंद रेडिओ केंद्रांशी करारबद्ध असत आणि केंद्राच्याच सभागृहात बसलेल्या प्रेक्षकांसमोर थेट वाजवत. १९४६ पासून केसांच्या प्रसाधनाच्या जाहिरातीवर चालणारा पंधरा मिनिटांचा संध्याकाळचा एक कार्यक्रम तर दोन दशकांहून अधिक काळ टिकला. श्रोत्यांची पसंती-नापसंती त्या सभागृहातल्या टाळ्यांतून थेट प्रक्षेपित होई आणि रेडिओवर आवडलेल्या वाद्यवृंदाच्या तालावर नाचायला तेच श्रोते शनिवारी क्लबात जात. रेडिओ आणि नृत्याची फरशी एकमेकांना धरून होत्या.

या रेडिओवर सरकारची नजरही होती. १९४३ च्या लष्करी उठावानंतर प्रसारित होणाऱ्या गीतांची भाषा ‘शुद्ध’ करण्याचे फर्मान निघाले आणि लुन्फार्दो या ब्यूनस आयर्सच्या रस्त्यावरील बोलीतले शब्द, तसेच दारू व बदफैलीचे उल्लेख गाळावे लागले. अनेक लोकप्रिय गीतांचे शब्द आणि काहींची शीर्षकेही बदलली गेली. श्रोत्यांना मूळ ओळी पाठ असल्यामुळे सोवळ्या आवृत्त्यांची बरीच चेष्टा झाली आणि दशकाच्या शेवटी हा निर्बंध सैल पडला.

आता वादग्रस्त निर्णयाकडे. १९२१ मध्ये मार देल प्लाता येथे जन्मलेला आस्तोर पियाझोला हा बँडोनिऑन या भात्याच्या वाद्याचा वादक तरुणपणी एका अग्रगण्य नृत्य-वाद्यवृंदात होता आणि त्याच सुमारास पाश्चात्त्य अभिजात रचनाशास्त्रही शिकत होता. १९५३ मध्ये त्याची सिंफनी वाजवली गेली तेव्हा सिंफनी वाद्यवृंदात बँडोनिऑन बसवल्याच्या रागातून श्रोत्यांमध्ये हाणामारी झाली. पुढच्या वर्षी तो शिक्षणासाठी पॅरिसला गेला आणि १९५५ मध्ये परतल्यावर त्याने आठ वादकांचा संच उभा केला : दोन बँडोनिऑन, दोन व्हायोलिन, चेलो, कॉन्ट्राबास, पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार. या संचाने स्वतःसाठी एक लेखी जाहीरनामा ठरवला होता. संगीत केवळ ऐकले जावे हे उद्दिष्ट असल्यामुळे नृत्याच्या कार्यक्रमांत वाजवायचे नाही. वादन रेडिओ, दूरचित्रवाणी, ध्वनिमुद्रण आणि रंगमंच यांपुरतेच ठेवायचे. अपवाद वगळता गायन टाळायचे. आणि श्रोत्यांना चटकन आकलन व्हावे म्हणून रचना वाजवण्याआधी समजावून सांगायच्या, असे त्यात होते.

नाशिकच्या श्रोत्यांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवले त्यांतली एकही या जाहीरनाम्याबाहेरची नाही. गायन वगळणे, नाचता न येणारी लय, आधीचे निवेदन, या सर्वांना आजच्या संयोजकांची लहर समजणे योग्य होणार नाही, कारण हे संगीत घडले तेच या अटींवर आणि त्यातही रेडिओसाठी. तरीही एका गोष्टीची नोंद करणे भाग आहे. १९५५ च्या श्रोत्याला नव्या संचाची तुलना करण्यासाठी रोजच्या रेडिओवर जुना टँगो उपलब्ध होता. नाशिकच्या श्रोत्यापुढे मात्र केवळ ‘टँगो संगीताची मैफल’ एवढ्याच नावाखाली एकाच कालखंडाचे, एकाच बाजूचे संगीत ठेवले गेले आणि ती निवड असल्याचे तासाभराच्या निवेदनात कोठेही सांगितले गेले नाही. श्रोत्यांच्या नाराजीचा हा भाग रास्त वाटतो.

लयीबाबतचा आक्षेप थोडा वेगळा आहे. ठेका सापडत नाही असे ज्यांनी कळवले, त्यांत तबला शिकलेलेही आहेत. टँगोच्या संचात परंपरेने तालवाद्य नसते. लय पियानो, कॉन्ट्राबास आणि बँडोनिऑनचे आघात यांतून उभी राहते. नृत्याच्या काळात चार ठोके ठळक असत, तर पियाझोलाच्या रचनांत आठ मात्रांची ३-३-२ अशी विभागणी वारंवार येते. ही विभागणी पकडल्यावर मैफल उलगडली, असे सांगणारे श्रोतेही आहेत. निवेदनात तिच्यासाठी दोन मिनिटे खर्ची पडली असती तर ती वाया गेली नसती.

बँडोनिऑनच्या स्वराबद्दल मात्र जवळजवळ सर्वांचे एकमत झाले, आणि त्याचे कारण मराठी घरांत सापडते. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात जर्मनीत घडले आणि जहाजांवरून दक्षिण अमेरिकेत पोहोचले. भात्याच्या हवेने धातूच्या रीड वाजतात, म्हणजे ते आपल्या पेटीच्याच कुळातले. त्याच्या बहुतेक बटणांतून भाता उघडताना एक आणि मिटताना दुसरा स्वर निघतो. पेटीचेही मूळ युरोपातले, आणि देशाच्या नभोवाणीने तिच्यावर १ मार्च १९४० पासून बंदी घातली होती. पेटीचे स्वर ठरावीक, तिच्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, श्रुती (स्वरांमधील सूक्ष्म अंतरे) नाहीत, हा त्या बंदीमागचा मुख्य युक्तिवाद होता. १९७१ पासून टप्प्याटप्प्याने सैल होईपर्यंत तीन दशके रेडिओवर गाणाऱ्यांना सारंगी, व्हायोलिन किंवा तंबोऱ्यावर भागवावे लागले, आणि तेच गायक रेडिओ केंद्राबाहेर पडल्यावर पेटीच्या साथीने गात राहिले. ज्या दशकांत भारतीय रेडिओने भात्याच्या वाद्याला दार बंद केले, त्याच दशकांत अर्जेंटिनाचा रेडिओ भात्याच्या वाद्यावर उभा होता. बँडोनिऑनलाही मींड घेता येत नाही. वादक भात्याचा दाब, अचानक तोडलेला आघात आणि मिनतवारीने लांबवलेला स्वर यांतून ती उणीव भरून काढतात, आणि म्हणून कित्येक पट्टीचे वादक सलग वाक्य शक्यतो भाता उघडतानाच वाजवतात व मिटताना हवेची झडप वापरून तो झटकन बंद करतात. पेटीवादनाची सवय असलेल्या काही नाशिककर श्रोत्यांनी नेमके हेच टिपले, हे विशेष.

शहरातील दोन गटांची रुचीही या संदर्भात पाहता येईल. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी गाणे दरबारातून आणि खासगी बैठकीतून काढून तिकीट लावून ऐकण्याच्या सभेत आणले. त्यांचे अखेरच्या काळातील वास्तव्य पंचवटीतील आश्रमात होते आणि त्यांचे पुत्र दत्तात्रेय यांचा जन्मही नाशिकचाच, पियाझोलाच्याच वर्षीचा. शांत बसून केवळ ऐकण्याचा हा संस्कार ज्यांच्यावर आहे त्यांना नृत्यापासून तोडलेला टँगो खटकला नाही. नाट्यसंगीतावर वाढलेल्या श्रोत्याला मात्र पद म्हणजे आधी शब्द, आणि त्याची निराशा समजण्यासारखी आहे.

पुढचा इतिहास पाहिला तर शब्दांना पियाझोलाकडेही कायमची मनाई राहिली नाही. १९६९ मध्ये ब्यूनस आयर्सच्या एका गीतमहोत्सवात त्याची गायलेली रचना दुसरी आली, सभागृहात तिच्यावर हुर्यो उडाली आणि काही दिवसांतच ती शहरभर गाजली. १९७४ नंतर त्याचे संगीत युरोपात पसरले. १९९२ मध्ये त्याच्या निधनानंतर पाश्चात्त्य अभिजात वादकांनी त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि भारतात टँगो ऐकणाऱ्यांच्या हाती मुख्यतः त्याच पोहोचल्या. २००९ मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या संयुक्त प्रस्तावावरून टँगोचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. त्या नोंदीत नृत्य, संगीत आणि काव्य ही तिन्ही अंगे आहेत.

मैफलीच्या पुनःप्रसारणाची मागणी करणाऱ्यांनी आता आरंभी १९४० च्या दशकातील नृत्य-वाद्यवृंदांची दोन ध्वनिमुद्रणे आणि एक गायलेला टँगो घ्यावा, तसेच गीताचा मराठी भावार्थ गाण्याआधी वाचून दाखवावा, असे सुचवले आहे. निवेदन लांबल्याची तक्रार करणाऱ्यांपैकीही काहींचा या सूचनेला पाठिंबा आहे.