स्वस्त एसएसडीत नेमकी काटकसर कुठे केलेली असते?

२०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या गेमने किमान गरजांच्या यादीत १५० जीबी जागा मागितली आणि ती एसएसडीवरच, म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या डिस्कवरच हवी अशी अट घातली. त्याच वर्षीच्या ‘स्टारफील्ड’चीही एसएसडीचीच अट. यामागचं कारण सरळ यांत्रिक आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो डेटा वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं आणि शीर्ष जागेवर सरकण्याचा वेळ त्यात आणखी मिळवायचा. इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला शंभरएक तुकड्यांतच ती दमते. नकाशाच्या नव्या भागात शिरताना गेम असे हजारो तुकडे मागतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात, कधी त्याहूनही लवकर हाती येतो, आणि असे अनेक तुकडे एकाच वेळी वाचता येतात.

मात्र दुकानात गेलं की एकाच क्षमतेच्या दोन एसएसडींच्या किमतीत बराच फरक दिसतो. तो कशामुळे पडतो हे कळलं की निवड सोपी होते.

१९८७मध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने नँड फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली. तिच्या प्रत्येक पेशीत थोडे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात, आणि ते किती आहेत हे व्होल्टेजवरून ओळखतात. पेशीत एकच बिट (० किंवा १) ठेवायचा असेल तर दोन पातळ्या पुरतात. तीन बिटांना आठ पातळ्या लागतात, ही टीएलसी. चार बिटांना सोळा, ही क्यूएलसी. तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त डेटा मावतो, म्हणून ती स्वस्त पडते. पण सोळांपैकी नेमक्या एका पातळीवर इलेक्ट्रॉन आणून थांबवायचे तर थोडे भरा, मोजा, पुन्हा थोडे भरा असं करावं लागतं. त्यामुळे लिहिण्याचा वेग घटतो आणि पेशीही लवकर झिजते.

दुसरी काटकसर नोंदवहीत होते. कुठला डेटा कुठल्या पेशींत आहे, हे एसएसडीला सतत लक्षात ठेवावं लागतं. १ टीबीचे ४ केबीचे तुकडे पाडले तर ते सुमारे २४ कोटी होतात. प्रत्येकाच्या नोंदीला ४ बाइट धरले की वही जवळजवळ १ जीबीची होते. महागड्या एसएसडीत या वहीसाठी डीरॅमची, म्हणजे वेगवान तात्पुरत्या मेमरीची, वेगळी चिप असते. स्वस्त एसएसडीत ती नसते. मग एनव्हीएमई प्रकारातली (पीसीआयई या वेगवान मार्गाने जोडलेली) एसएसडी संगणकाच्या रॅममधली थोडी जागा उसनी घेते आणि वहीची हाताशी लागणारी पानं तिथे ठेवते.

आता गेमचं काम पाहा. एकदा इन्स्टॉल झाला की तो वाचतो भरपूर, लिहितो अगदी कमी. वर सांगितलेल्या दोन्ही काटकसरी मुख्यतः लिहिताना जाचतात. म्हणून गेमिंगसाठी स्वस्त एसएसडी घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. त्यातही टीएलसी आणि क्यूएलसीच्या किमतीत थोडाच फरक असेल तर मी टीएलसी घ्यायला सांगेन.

खोक्यावर ठळक छापलेल्या वेगाला भुलू नका. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आजही अनेकांच्या गेमिंग पीसीत आहे. त्याचा एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीच्या आकाराची एसएसडी बसवायची खाच, पीसीआयई ३.० पिढीचा. त्यात सेकंदाला ७,००० एमबीची एसएसडी बसेल, चालेलही, पण साडेतीन हजारांच्या आसपास अडकेल. आणि बहुतेक गेम सुरू होण्याच्या वेळेत या दोन वेगांमुळे पडणारा फरक एखाद-दोन सेकंदांचाच असतो. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, तर एसएसडीने वाढतच नाही. फिरताना मध्येच बसणारे झटके मात्र कमी होतात. वेगावर जाणारे पैसे क्षमतेवर घाला, ५०० जीबीऐवजी १ टीबी घ्या.

क्षमतेचा संबंध थेट वेगाशीही आहे. क्यूएलसी एसएसडी मोकळ्या पेशींत आधी घाईघाईने एकेकच बिट लिहून घेते आणि सवडीने तो डेटा दाटीवाटीने बसवते. ४०० जीबी मोकळी असेल तर अशी तात्पुरती जागा जास्तीत जास्त १०० जीबी मिळेल, ८० जीबीच असेल तर फक्त २०. ती संपली की लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो. १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून गेम उतरवताना हे जाणवणार नाही, कारण तो आकडा मेगाबिटचा आहे आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून तिथे सेकंदाला साडेबारा एमबीच येतात. दुसऱ्या डिस्कवरून मोठा गेम हलवताना किंवा भलंमोठं अपडेट बसताना जाणवेल. पाचवा हिस्सा मोकळा ठेवलेला बरा.

झिजण्याची भीती मात्र अवाजवी आहे. ६०० टीबी लेखनाची हमी असलेल्या एसएसडीवर रोज ५० जीबी लिहिले तरी ती हमी संपायला जवळजवळ ३३ वर्षं लागतील. त्यापेक्षा अचानक जाणाऱ्या विजेची काळजी करा. लिहिता लिहिता वीज गेली तर डेटा सांभाळणारे कपॅसिटर स्वस्त एसएसडीत नसतात. भारनियमनाच्या भागात छोटा यूपीएस हवाच.

खरेदीआधी मदरबोर्डची पुस्तिका उघडा. एम.२ आकाराची एसएसडी साटा (हार्ड डिस्कचीच जुनी, संथ जोडणी) प्रकारचीही असते, आणि काही स्लॉट फक्त एकच प्रकार घेतात. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

बसवताना विजेची वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. स्लॉट बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो; कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची कळ आधी दाबा. एसएसडी तिरपी धरून आत सरकवा, आडवी दाबा आणि चिमुकला स्क्रू हलक्या हाताने आवळा. बोर्डसोबत हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) असेल तर त्याच्या पॅडवरची प्लास्टिकची पट्टी काढायला विसरू नका. एसएसडीवरचा स्टिकर मात्र तसाच राहू द्या.

नवीन विंडोज टाकणार असाल तर जुनी डिस्क तेवढ्यापुरती सोडवून ठेवा, नाहीतर बूटच्या फायली तिच्यावरच जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की संगणक सुरू होत नाही. नवी एसएसडी फक्त गेमसाठी जोडली असेल तर ती आपोआप दिसणार नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी (डिस्कच्या विभागणीची पद्धत) निवडा आणि एनटीएफएसमध्ये (विंडोजची फायली ठेवण्याची पद्धत) फॉरमॅट करा. १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसले तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४च्या. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम पुन्हा उतरवायची गरज नाही, स्टीमच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेज विभागातून ते नव्या एसएसडीवर थेट हलवता येतात.