हिवाळी चराई, हलक्या रानातील

पावसाळी गवत वाळल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे साधारणपणे कार्तिक ते फाल्गुन या काळात, मुरमाड व बरड जमिनीवर गुरांच्या चाऱ्यासाठी पीक निवडण्याची पद्धत. येथे मुख्यतः माण, आटपाडी, सांगोले, जत या पर्जन्यछायेतील पट्ट्याचा विचार केला आहे. खिलार जातीची गुरे याच रानातली. उभ्या पिकात गुरे सोडण्याची रीत येथे सहसा नाही. पीक काढायचे, कडब्याची गंज रचायची आणि मोकळ्या रानात गुरे फिरवायची असा क्रम असल्याने निवड धान्य, कडबा व चराई अशा तिहेरी हिशोबाने होते. या हिशोबात शाळू (रब्बी ज्वारी) पहिला.

ज्वारीचे मूळ आफ्रिकेत, हे आता सर्वमान्य आहे. पूर्व सुदानातील कसला भागात इ. स. पू. सुमारे ३५०० ते ३००० या काळातील लागवडीच्या खुणा मिळाल्या आहेत. भारतात ती इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात आली असावी. त्याआधीच्या म्हणून सांगितलेल्या काही दाण्यांची ओळख शंकास्पद ठरली आहे. शाळू ज्या ‘दुर्रा’ गटात मोडतो त्या गटाच्या उगमाविषयी मात्र वाद आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांच्या मांडणीनुसार जुनी, मोकळ्या कणसाची ‘बायकलर’ ज्वारी भारतात आली, येथे तिच्यापासून घट्ट कणसाची दुर्रा घडली आणि मग ती पुन्हा पश्चिमेकडे गेली. इतर काही अभ्यासक हा उगम ईशान्य आफ्रिकेतच मानतात. नाईलकाठच्या कस्र इब्रीम येथील अवशेषांत बायकलर आधी व दुर्रा नंतर दिसते. हा क्रम हार्लन यांच्या मताला अनुकूल असला तरी निर्णायक नव्हे.

मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडण्यात आला. कडब्याच्या प्रतीत त्याचा मान अजून टिकून आहे. मात्र त्याला मध्यम खोलीची जमीन लागते. वीतभर मातीखाली मुरूम लागत असेल, तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले अनुराधा किंवा फुले माऊली हे वाण घेतात. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते.

शाळूच्या रानातील खरा धोका किराळीचा, म्हणजे कोवळ्या फुटव्यांतून होणाऱ्या विषबाधेचा. धसकटाला ओल मिळाली की बुडातून बोटभर, तजेलदार हिरवे कोंब फुटतात आणि कोरडा चारा खाऊन कंटाळलेले जनावर नेमके तेच ओढते. या कोंबांतील धुरीन या द्रव्यापासून कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात) हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटते. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो, झटके येतात. रक्त लालभडक दिसते. पुष्कळदा पशुवैद्य सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट घेऊन पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. पाण्याच्या ताणाने खुरटलेले गुडघाभर पीकही तितकेच घातक. फुलोऱ्यानंतर विष उतरते, चांगल्या वाळलेल्या कडब्यात ते फारसे राहत नाही. ज्वारी उपटून काढली तर धसकट उरत नाही आणि किराळीचा प्रश्नही जवळजवळ मिटतो. विळ्याने कापलेल्या रानात अवकाळी पावसानंतर गुरे न सोडणे हाच उपाय.

जिथे नांगर चालत नाही तिथे गवतांवर भिस्त ठेवावी लागते. मारवेल व पवना ही पौष्टिक. कुसळी फुलोऱ्यापूर्वीच चारावी किंवा कापावी. नंतर तिची पिळदार, टोकदार कुसळे जनावराच्या तोंडात रुततात. मुरमाड उतारावर पावसाळ्यात गवतात स्टायलो पेरल्यास हे द्विदल थंडीतही काही काळ हिरवे राहते.

ओट, लसूणघास, बरसीम ही ओलिताची पिके. हलक्या रानात विहिरीला पाणी असेल तरच. त्यांतही बरसीम महाराष्ट्रातील आखूड थंडीत लवकर थकते, आणि नुसती कोवळी खाऊ घातल्यास पोटफुगी होते. पूर्व विदर्भात उभ्या धानात उतेरा पद्धतीने लाखोळी (लाख डाळ) पेरतात, कोकणात भातानंतर वाल व कुळीथ घेतात. गुरांच्या वाट्याला त्यांचे मुख्यतः भुसकट येते.