गावात फायबर आलं म्हणजे घरात इंटरनेट आलं का?

उजनीचं पाणी टाकीत पडलं म्हणजे नळाला आलं, असं सोलापुरात कुणी म्हणणार नाही. टाकी भरलेली असते आणि गल्लीत घागरी रिकाम्या असतात, हे आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण हीच गल्लत करतो. ‘गाव फायबरने जोडलं’ असं कानावर आलं की घराघरांत नेट पोहोचलं असं धरून चालतो.

गाव जोडलं, याचा सरकारी हिशेब वेगळा आहे. केंद्राने २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं. २०१५ पासून त्यालाच भारतनेट म्हणतात. उद्दिष्ट होतं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं. म्हणजे मोजायचं ते पंचायत कार्यालय, घर नव्हे. तालुक्याहून निघालेली केबल त्या कार्यालयातल्या एका पेटीत येऊन थांबते. पेटीला वीज लागते. लाइट गेली आणि बॅटरी उतरलेली असली, की कागदावर जोडलेलं गाव प्रत्यक्षात तुटलेलं असतं.

घरातलं कनेक्शन ही त्यापुढची गोष्ट. त्यासाठी फायबरला फाटे फोडणारा स्प्लिटर बसवावा लागतो, खांबांवरून बारीक केबल दारापर्यंत ओढावी लागते, घरात मोडेम लावावा लागतो. शिवाय केबल तुटली तर शिडी घेऊन येणारा माणूस लागतो. माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच आहे. केबल एकदा टाकली जाते, दुरुस्ती कायमची असते. रस्ता रुंद करताना किंवा शेतात पाइपलाइन टाकताना जेसीबीचा एक घाव बसतो आणि पुढचा सगळा पट्टा बंद पडतो.

आता आपल्या जिल्ह्याची खरी अडचण. सांगोला, मंगळवेढ्याकडे निम्मं गाव गावठाणात राहतच नाही, रानात वस्त्या करून राहतं. माझ्या मावसभावाची वस्ती पंचायतीपासून तीन किलोमीटरवर आहे. सरकारी नोंदीत त्याचं गाव जोडलेलं. त्याच्या लेकीला परीक्षेचा फॉर्म भरायचा, तर मोबाइल घेऊन बांधावर रेंज शोधत फिरावं लागतं. चार घरांसाठी तीन किलोमीटर केबल ओढायला कुठलाही ऑपरेटर सहजी तयार होत नाही, आणि त्याचं गणितही खोटं नाही. म्हणूनच इथे सरकारी पैसा लागतो.

‘मोबाइलवर नेट आहे की’ असंही लोक म्हणतात. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाची मोबाइलवरून नोंद करायला, फोन हवाच, कारण ती शेतात उभं राहून करायची असते. पण दोन मुलांचे ऑनलाइन तास आणि घरातल्या एकाचं ऑफिसचं काम एकाच वेळी त्यावर निभत नाही. २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड. आधी ५१२ केबीपीएसवर, म्हणजे साधारण याच्या पाव वेगावर, भागत होतं. घरात तिघं वापरणारे असतील तर हे २ एमबीपीएसही तोकडेच.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये दोन बदल आहेत. तालुका ते पंचायत ही केबल आता कड्यासारखी फिरवायची आहे, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून नेट चालू राहील. आणि या वेळी दीड कोटी ग्रामीण घरांच्या जोडण्यांचंही लक्ष्य आहे. पंचायतीचं कार्यालय नसलेल्या गावांनाही मागणी केल्यास फायबर मिळू शकतं. पण वस्ती हे महसुली नोंदीत वेगळं गाव नसतं, ते मूळ गावातच धरलं जातं. त्यामुळे ‘आमच्या गावात फायबर आलं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘आलं’ असंच मिळेल. ग्रामसभेत वस्तीचं नाव घेऊन विचारा: केबल कोणत्या खांबापर्यंत आली आहे, त्यापुढे किती घरं आहेत आणि तुटली तर कुणाला फोन करायचा. तिन्ही उत्तरं ठरावात लिहून घ्या.