निवृत्त साहेब आणि विज्ञान विभाग : पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाला दान मिळणं नवं नाही. राजाबाई टॉवरला, म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याला, आईचं नाव देणारा कापूसवाला प्रेमचंद रायचंद सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती मंडळी धंद्याची मालक होती. ठाणे-नवी मुंबईत आज विज्ञान विभागांना काही देऊ पाहणारा माणूस पगारदार आहे, आणि त्याची गोष्ट १९६२ पासून सुरू होते.

त्या वर्षी राज्याचं औद्योगिक महामंडळ आलं, मग ठाण्यात वागळे इस्टेटची औद्योगिक वसाहत, मग ठाणे-बेलापूर रस्ता. साठच्या दशकाच्या अखेरीस त्या रस्त्यावर नाफ्था क्रॅकर, म्हणजे नाफ्था तोडून रसायनांचा कच्चा माल बनवणारा कारखाना, सुरू झाला. कोलशेतकडे रंगांचे कारखाने होतेच. साधा एम.एस्सी. तिथे शिफ्ट केमिस्ट म्हणून लागायचा, तिन्ही पाळ्या करायचा आणि नशीब असेल तर क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी), प्लांट मॅनेजर करत व्हाइस प्रेसिडेंट होऊन निवृत्त व्हायचा. तोवर बरेच कारखाने बंद पडले किंवा दुसरीकडे गेले. कोलशेतला टॉवर उभे राहिले, महापे-ऐरोलीत आयटी पार्क.

या निवृत्त साहेबांकडून विभागात आधी येतो तो चेक. इथे विभागाची हमखास गल्लत होते. सीएसआरचे, म्हणजे कंपनीने समाजासाठी खर्चायचे, २ टक्के कंपनीच्या सरासरी नफ्यातले, एप्रिल २०१४ पासूनचे; साहेबांचे पैसे त्यांच्या खिशातले, आणि नवी कररचना निवडली असेल तर त्यांना दानावरची करसवलतही नाही. यंत्रांचं वेगळंच. दान आलेलं एक एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, मी पाहिलं : वर प्लास्टिकचं कव्हर, पाटीवर उद्घाटनाची तारीख, आणि लॉगबुकातली शेवटची नोंद त्यानंतर दीड वर्षाची. घटक वेगळे करणारी नळी, म्हणजे कॉलम, संपला होता, एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) पैसे कोणी धरलेच नव्हते.

खरा वाद पैशावर नाही, पदनामावर आहे. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणलं, उद्योगातल्या अनुभवी माणसांनी येऊन शिकवावं म्हणून. निदान १५ वर्षांचा अनुभव हवा, शक्यतो वरिष्ठ पदाचा, पीएच.डी. नको, शोधनिबंध नकोत. संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, मुदत साधारण तीन वर्षांपर्यंत, फार तर चार. पगार उद्योगाने द्यावा, संस्थेने द्यावा किंवा मानद सेवा घ्यावी. मंजूर पदांना धक्का लागणार नाही, असंही त्यात लिहिलंय. कागदावर ठीक आहे. पण आपल्याकडे मंजूर पदंच वर्षानुवर्षं रिकामी राहतात. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली मुलगी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तासाला पैसे घेऊन शिकवते, आणि शेजारच्या केबिनला पदवी न तपासता ‘प्रोफेसर’ची पाटी लागते. तिचा राग रास्त आहे, आणि तो साहेबांवर निघू नये हे म्हणणं सोपं आहे. मराठीत तर या पदाला सुटसुटीत शब्दही रुळलेला नाही. वेळापत्रकात कुठे ‘मानद’ लागतं, कुठे ‘अतिथी’, कुठे नुसतं ‘सर’. आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळ्या शीर्षाखाली.

ते शिकवतात काय, हे मात्र वर्गात बसून पाहावं. ५० मिलिच्या फ्लास्कमध्ये शांत वाटणारी अभिक्रिया ५,००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये का भडकते? आकारमान वाढतं त्या मानाने पृष्ठभाग वाढत नाही, उष्णता आत अडकते. हे पुस्तकात आहेच. पण रात्री तीनला तापमानाचा काटा चढताना कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, आणि आपण चुकीचा कसा केला होता, हे साहेब फळ्यावर पाइपलाइन काढून सांगतात.

२०२३-२४ पासून एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकण्याला, क्रेडिट आलं. आता जूनमध्ये साहेब विभागात आले की प्रमुख चहा मागवतात आणि देणगीचा विषय निघण्याआधीच विचारतात, ‘सर, रबाळ्याच्या कारखान्यांत तुमच्या ओळखीचं कोणी आहे का अजून? ट्रेनिंगला सहा मुलं आहेत.’