गंधकाची कमतरता (शेतजमिनीतील)

जमिनीतील उपलब्ध गंधक पिकाच्या गरजेपेक्षा कमी पडण्याची अवस्था. पीक गंधक मुख्यतः सल्फेटच्या रूपात घेते. सिस्टीन व मेथिओनीन या अमिनो आम्लांत गंधक असल्यामुळे तो कमी पडला की प्रथिने तयार होणे अडते. तेलबिया, कडधान्ये, कांदा व लसूण यांना ही उणीव लवकर जाणवते.

या उणिवेची ओळख नेमकी केव्हा पटली याबद्दल एकमत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान फ्रीडरिख मायर या जर्मन पाद्र्याने शेतात जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचे खनिज) टाकण्याचा प्रसार केला व क्लोव्हर या चाऱ्याच्या द्विदल पिकाला त्याचा लाभ दिसला. मात्र तो लाभ कॅल्शियमचा की गंधकाचा, हे तेव्हा ठरले नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने तर जिप्सम पावसातील अमोनिया धरून ठेवतो, असे स्पष्टीकरण दिले. त्यामुळे निश्चित निदान म्हणून स्टोरी व लीच या संशोधकांनी न्यासालँडमधील (आजचे मलावी) चहाच्या पिवळेपणावर १९३३ मध्ये केलेले काम धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

हलक्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या व निचऱ्याच्या जमिनींत उणीव अधिक आढळते. वरच्या थरातील बहुतेक गंधक सेंद्रिय रूपात असतो आणि जिवाणूंच्या क्रियेने हळूहळू मोकळा होतो. कोकणातील जांभ्या जमिनीत सल्फेट पाण्याबरोबर वरून झिरपून खालच्या थरात लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर धरला जातो. अशा ठिकाणी केवळ वरच्या थराचा नमुना फसवा ठरू शकतो. विहीर-कालव्याच्या पाण्यातूनही थोडा सल्फेट मिळतो. कोरडवाहू शेताला ती सोय नाही.

खतांची बदललेली निवड हे मोठे कारण आहे. हेक्टरी ६० किलो स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिला, तर ३७५ किलो खताबरोबर सुमारे ४१ किलो गंधक आपोआप जातो. तेवढाच स्फुरद १३० किलो डीएपीतून (डायअमोनियम फॉस्फेट) दिला, तर गंधक जवळजवळ मिळत नाही.

लक्षणे नत्राच्या उणिवेसारखी असतात, पण पिवळेपणा कोवळ्या पानांपासून सुरू होतो. नत्राच्या उणिवेत तो जुन्या पानांवर आधी येतो. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी कमी होतात. केवळ युरिया वाढवल्यास नत्र-गंधकाचे प्रमाण आणखी बिघडते.

परीक्षणासाठी ०.१५ टक्के कॅल्शियम क्लोराइडने सल्फेट काढून त्याची गढूळता मोजतात. १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १० भाग) कमी असल्यास जमीन उणीवग्रस्त मानली जाते (हेक्टरी सुमारे २२.४ किलो). पीपीएम व किलो यांची गल्लत वारंवार होते. तेलबियांसाठी ही मर्यादा थोडी वर धरावी, हे मत अधिक ग्राह्य आहे.

उपाय म्हणून साधारणतः हेक्टरी २० ते ४० किलो गंधक पेरणीच्या वेळी देतात. २० किलोसाठी सुपर फॉस्फेट सुमारे १८० किलो किंवा अमोनियम सल्फेट सुमारे ८७ किलो लागते. जिप्समचे प्रमाण त्याच्या शुद्धतेवर ठरते. १५ टक्के गंधकाचे असल्यास १३३ किलो. भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना दिलेला जिप्सम शेंगांना कॅल्शियमही पुरवतो. ९० टक्के दाणेदार गंधकाचे जिवाणूंमार्फत सल्फेट व्हायला आठवडे लागतात, म्हणून तो पेरणीपूर्वी मातीत मिसळावा. पाण्यात मिसळणाऱ्या ८० टक्के गंधकाची २ ग्रॅम प्रति लिटर फवारणी ५०० लिटर पाण्यात हेक्टरी जेमतेम ०.८ किलो गंधक देते. ती बुरशी रोखण्यासाठी उपयोगी, पोषणासाठी अपुरी.