बॉनेटखालील आवाजांचे निदान

मोटारीचे इंजिन आणि त्याला जोडलेले पट्टे, पुल्या, पंप, पंखा व नळ्या यांतून येणाऱ्या अनोळखी आवाजावरून बिघाड कुठे आहे आणि तो किती गंभीर आहे हे ताडण्याची रीत. यंत्र खोलण्याआधी ते ऐकून घ्यायचे, हे यातले मूळ तत्त्व. बिघाडाचा संकेतांक वाचणारे स्कॅनर आता साध्या गॅरेजातही दिसतात. पण सैल पट्टा, झिजलेले बेरिंग किंवा फाटलेले इंजिन माउंटिंग यांची खबर देणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतो. स्कॅनर ‘सगळे ठीक’ दाखवतो आणि आवाज चालूच राहतो. तिथून पुढचे काम कानाचे असते.

सोलापूरच्या गॅरेजात बिघाड सांगताना बहुधा क्रियापदच वापरले जाते. पट्टा ओरडतो, टॅपेट (झडपा ढकलणारे भाग) वाजतात, बेरिंग घरघरते, इंजिन ठोकते. मराठीतले नादवाचक शब्द इथे खरोखर कामाला येतात. ‘खुळखुळ’ म्हटले की सैल झालेला पत्रा, बहुतेक वेळा एक्झॉस्टवरचे उष्णतारोधक कवच. ‘टिकटिक’ वरून, झडपांकडून येते; ‘ठकठक’ खालून, पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याकडून, म्हणजे क्रँकशाफ्टकडून. ‘फसफस’ म्हणजे कुठेतरी हवा किंवा धूर निसटतो आहे. गिऱ्हाईक मराठी बोलणारे असो, तेलुगू, कन्नड किंवा दखनी, आवाज तोंडाने काढून दाखवताना कुणाचेच अडत नाही. लाजून गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा भर गॅरेजात ‘कुईं-कुईं’ करून दाखवणारे गिऱ्हाईक मिस्त्रीला केव्हाही उपयोगाचे.

या शहराचा कान यंत्रमागांत तयार झाला, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. चादरी आणि टॉवेलांच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर ओळीने चालणाऱ्या मागांतून चुकलेला ठोका वेगळा काढतो. गॅरेजातही हेच करायचे असते: एकसुरी गोंगाटात एकच वेगळी गोष्ट ऐकायची.

आधी ‘कधी’, मग ‘कसा’

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, याने निदान लवकर होते. गाडी गार असताना की तापल्यावर? जागेवर उभी असताना की चढावर? रेस वाढवली की आवाज त्याच प्रमाणात भराभर होतो का? इंजिन बंद न करता गाडी जागेवर ठेवून रेस दिल्यावर आवाज आला, तर तो इंजिनाचा किंवा त्याच्या जोडसाहित्याचा. गाडी धावतानाच आला आणि वेगाबरोबर बदलला, तर तो बॉनेटखालचा नसून चाकाकडचा असण्याची शक्यता मोठी. काउंटरवर होणारा संवाद साधारण असा:

“अण्णा, सकाळी चालू केली की ओरडती, मग गप्प बसती.”

“एसी लावल्यावर परत ओरडती का?”

“हां, लावल्या लावल्या.”

एवढ्यात निम्मे निदान होते. एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार पट्ट्यावर येतो, सैल पट्टा पुलीवर घसरतो आणि किंचाळतो.

गार इंजिनाचे आवाज ऐकायचे तर इंजिन खरोखर गार हवे. गाडी चालवत गॅरेजला आणली की ती तापलेलीच असते आणि आवाज गेलेला असतो. जाणता मिस्त्री अशी गाडी रात्रभर ठेवून घेतो आणि सकाळी स्वतः किल्ली फिरवतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीतल्या पहाटे, असे आवाज सर्वांत स्पष्ट ऐकू येतात.

पट्टा

बॉनेटखालच्या तक्रारींत पट्ट्याची तक्रार नेहमीची, आणि तिची परीक्षा सर्वांत सोपी. इंजिन जागेवर चालू ठेवून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर बाटलीतून थोडे पाणी शिंपडायचे, हात लांब ठेवून. ‘चिवचिव’ क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाली, तर पुल्या एका रेषेत नाहीत. उलट पाणी पडताच आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे किंवा त्याला ताण देणारा टेन्शनर थकला आहे. पहिल्या प्रकारात नवा पट्टा टाकूनही काही दिवसांत तोच आवाज परत येतो, कारण दोष पट्ट्याचा नव्हताच. पट्टा दोनदा बदलूनही ओरडणारी गाडी दिसली, की ही पाण्याची परीक्षा कुणी केली नाही असे समजावे.

जुने पट्टे झिजले की त्यांना तडे जात. हल्लीच्या ईपीडीएम रबराच्या पट्ट्यांना सहसा तडे जात नाहीत. त्यांच्या खाचा टायरच्या नक्षीसारख्या झिजत जातात. त्यामुळे ‘तडे नाहीत, पट्टा चांगला आहे’ हा जुना निकष आता फसवतो. पट्ट्यावर ‘स्प्रे’ मारून आवाज बंद करणे तर टाळावेच. आवाज एक-दोन दिवस दबतो, मग पट्ट्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि आधीपेक्षा जास्त घसरण सुरू होते.

बेरिंग, आणि स्क्रू ड्रायव्हरची नळी

अल्टरनेटर, पाण्याचा पंप, टेन्शनर, आयडलर पुली या सगळ्यांत बेरिंग असते आणि सगळ्यांची घरघर सारखीच वाटते. बॉनेट उघडून नुसते ऐकले तर आवाज सगळीकडून येतो. इथे मिस्त्री डॉक्टरसारखे करतो. फ्रान्समध्ये लाएनेक या डॉक्टरने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला, त्यामागचेच तत्त्व: हवेतून पसरून जाणारा आवाज घन वस्तूतून किंवा नळीतून सरळ कानापर्यंत येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या अंगावर, बेरिंग असते तिथे टेकवायचे आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावायची. चांगले बेरिंग गुळगुळीत ‘सूं’ देते. गेलेले बेरिंग वाळू दळल्यासारखे ऐकू येते, आणि मुठीतून ती करकर हाताला जाणवतेही. मग तेच टोक पाण्याच्या पंपावर, मग टेन्शनरच्या बोल्टवर. तीन-चार ठिकाणे तुलना करून ऐकली की चूक सहसा होत नाही. पंपाच्या खाली छोट्या छिद्रातून कूलंटचा वाळलेला हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसला, तर आवाजाला साक्षीदार मिळाला.

शंका उरली तर इंजिन बंद करून पट्टा काढायचा आणि काही सेकंदच इंजिन चालवायचे. आवाज गेला, तर दोष पट्ट्यावर फिरणाऱ्या वस्तूंत आहे; राहिला, तर इंजिनात. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल तर कूलंट फिरत नाही, म्हणून ही चाचणी लांबवायची नाही.

चालू इंजिनावर वाकण्यापूर्वी खांद्यावरचा टॉवेल काढून ठेवावा. टॉवेलांच्या या गावात तो प्रत्येक मिस्त्रीच्या खांद्यावर असतो, आणि पट्टा किंवा पंखा त्याला एका क्षणात आत ओढतो. ओढणी, उपरणे, सैल बाही यांनाही हेच लागू. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा तर किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.

टिकटिक आणि ठकठक

झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. निदानात ही गोष्ट फार उपयोगी पडते. जागेवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतो आणि कॅम साडेसहा वेळा. एकच टॅपेट सैल असेल तर टिकटिक सेकंदाला सहा-सात, म्हणजे बोटाने ताल धरता येईल इतकी सुटी. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेरिंग गेले असेल तर ठोके दुप्पट, जवळजवळ एकमेकांत मिसळणारे, आणि जड. (कॅमशाफ्ट सोलापूरला परका नाही, १९९२ मध्ये स्थापन झालेली, मोटारींचे कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी याच शहरातली.)

गार इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद टिकटिक होऊन थांबली, तर हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेल भरायला लागलेला तो वेळ. थांबली नाही, तर पहिली तपासणी डिपस्टिकची, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीची. तेल कमी असल्यामुळे वाजणारे टॅपेट तेल भरल्यावर गप्प झाल्याची उदाहरणे इतकी आहेत, की डिपस्टिक न पाहता टॅपेट खोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडातले गॅस्केट फुटले तरी हुबेहूब टिकटिक येते. ती इंजिन तापल्यावर कमी होते, कारण धातू प्रसरण पावून फट मिटते. चालू करताच समोरून साखळी झटकल्यासारखी खडखड आली, तर क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर.

ठकठक मात्र वेगळ्या पंगतीतली. रेस दोन-अडीच हजारांवर नेऊन सोडली की उतरताना ती ठळक होते. कुठल्या सिलिंडरची हे शोधायला एकेका सिलिंडरचा इंजेक्टर थोडा वेळ बंद करतात; ज्याचा बंद केल्यावर ठोका दबतो, त्याचा रॉड. ठकठकीबरोबर तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तिथेच इंजिन बंद करावे आणि पुढे टो करून न्यावी. अशा वेळी ‘गॅरेज दोन किलोमीटरवर तर आहे’ असा विचार करून चालवलेल्या गाडीचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि बेरिंगच्या खर्चात सुटणारे काम अख्ख्या इंजिनावर जाते.

उन्हाळा आणि घाट

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. तुळजापूरला दर्शनाला निघालेली भरलेली गाडी घाटात वरच्या गिअरमध्ये ओढत नेली, की पेट्रोल इंजिनातून कधी कधी पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी ‘टिर्रर्र’ येते. याला गॅरेजात पिंकिंग म्हणतात. स्पार्कने पेटलेल्या ज्वाळेआधीच उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटते, त्याचा हा आवाज. लगेचचा उपाय ड्रायव्हरच्याच हातात असतो: खालचा गिअर टाकायचा, पाय हलका करायचा. पुढे कार्बन, स्पार्क प्लग, नॉक सेन्सर आणि कूलिंग तपासायचे. जिल्ह्यातल्या उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले की त्याचा ऑक्टेन, म्हणजे असे आपोआप न पेटण्याची क्षमता, वाढतो, त्यामुळे इथेनॉलने पिंकिंग होते हा समज बरोबर नाही. डिझेलची मूळची खटखट ही पिंकिंग नव्हे.

उन्हाळ्यातला दुसरा आवाज ‘गुडगुड’. कूलिंगमध्ये हवा अडकली आहे किंवा पाणी कमी झाले आहे, याची ती खूण. ‘खदखद’ ऐकू आली तर पाणी उकळतेच आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असतो आणि उकळते पाणी तोंडावर येते. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाडीत क्षार साचतात आणि पाण्याच्या पंपाचे सील लवकर जाते, म्हणजे पुन्हा घरघर.

गळतीची फसफस शोधायला स्क्रू ड्रायव्हरऐवजी रबरी नळीचा तुकडा घ्यावा. एक टोक कानाशी, दुसरे जोडांवरून फिरवायचे. टर्बोच्या गाडीत चढावरच शिट्टी येत असेल तर टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी नळी पाहावी.

काही आवाज बिघाडाचे नसतात: एसीचा क्लच बसताना होणारा ‘टक्’, पेट्रोल इंजेक्टरची बारीक टिकटिक, गाडी बंद केल्यावर थंड होणाऱ्या एक्झॉस्टची टिकटिक.

ऐकणाऱ्याचा कान

सततच्या गोंगाटात काम केलेल्या माणसाची श्रवणशक्ती साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी कमी होते. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाला इंजिनाची जड ठकठक ऐकू येते, पण पट्ट्याची चिवचिव निसटते. घरात ‘गाडी ओरडते’ असे नातू म्हणत असेल आणि आजोबांना काहीच ऐकू येत नसेल, तर नातवाचे ऐकावे. गॅरेजात आयुष्य गेलेल्या मिस्त्रीचेही असे होऊ शकते. म्हणून अनेकजण स्क्रू ड्रायव्हर कानापेक्षा तळहाताने ‘ऐकतात’.

हल्ली मिस्त्रीला मोबाइलवर आवाज पाठवला जातो. चालू कॉलवर इंजिनाजवळ फोन धरून उपयोग होत नाही, कारण सततचा आवाज गोंगाट समजून फोन तो दाबतो. रेकॉर्डिंग करून पाठवावे: फोन आधी पट्ट्याच्या बाजूला, मग वरच्या झाकणाजवळ, मग खाली धरावा आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये तोंडाने सांगावे, “गाडी रात्रभर उभी होती, आता चालू केली, एसी बंद आहे.”